मॅकॉर्मिकबाई : एक कर्तबगार वार्ताहर

वृत्तपत्रांत स्त्रियांनीं लिहावयाचें तें पाककृति, वेषभूषा आणि बालसंगोपन यांविषयीं. राजकारण हा पुरुषांचा प्रांत, अशी समजूत अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशांतही दीर्घकाळ रूढ होती. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे मालक अॅडॉल्फ ऑक्स हे तर स्त्रियांस बातमीदार नेमण्याच्या विरुद्धच होते. त्याच पत्रांत अॅन ओ’हेर मॅकॉर्मिक यांनीं मानाचें स्थान कसें मिळविलें, तें पाहण्यासारखें आहे.

बाईंचा जन्म इंग्लंडांतील वेकफील्डचा. बालपण मात्र अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत गेलें. वडील कुटुंबास सोडून गेल्यावर संसाराचा भार आईवर पडला. मायलेकी दोघीही क्लीव्हलंडच्या एका कॅथलिक साप्ताहिकांत काम करीत. पुढें विवाह झाल्यावर पतीच्या व्यापारानिमित्त युरोपचा प्रवास वारंवार घडूं लागला. नवऱ्यासोबत हिंडणारी स्त्री बाजारहाट करून परतते. या बाईंनीं ‘टाइम्स’चे संपादक कार व्हॅन अँडा यांस पत्र लिहून युरोपांतून लेख पाठविण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळविली! त्या वेळीं त्यांचें वय चाळिशीच्या आसपास होतें.

१९२१ सालीं इटलीच्या लोकसभेंत त्यांनीं मुसोलिनीचें भाषण ऐकलें. बहुतेक परदेशी वार्ताहर त्याला जमेस धरीत नव्हते. या माणसाच्या हातीं उद्यां सत्ता जाणार, हें बाईंनीं ओळखलें. मात्र पुढें कित्येक वर्षें त्यांनीं मुसोलिनीविषयीं फार अनुकूल लिहिलें, हेंही सांगितलें पाहिजे. कोण वर चढणार हें ओळखणें निराळें, आणि त्याच्या चढण्यानें लोकांचें काय होणार हें ओळखणें निराळें.

हिटलर, स्टॅलिन, रूझवेल्ट अशा सत्ताधीशांच्या मुलाखती त्यांनीं घेतल्या. तरीही ऑक्स हयात होते तोंवर त्यांची गणना बाहेरच्या लेखिकांतच होत असे. १९३५ त ऑक्स निवर्तले, आणि १९३६ सालीं त्यांचे जामात आर्थर सल्झबर्गर यांनीं बाईंना संपादकमंडळांत घेतलें. त्या मंडळांतील ही पहिलीच स्त्री. १९३७ सालीं युरोपांतून पाठविलेल्या लेखांबद्दल त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालें. परदेशवार्तांसाठीं तें मिळविणारीही ती पहिलीच स्त्री.

१९५४ च्या मे महिन्यांत त्या निवर्तल्या. लेखणी त्यांच्या हातीं प्रथमपासून होतीच. अधिकाराच्या जागेसाठीं मात्र त्यांना सुमारें पंधरा वर्षें थांबावें लागलें. आपापल्या घरांतील किती लेखण्या अशाच थांबल्या आहेत, याचा विचार वाचकांनींच करावा.