नौकेचा तळ : जुना लेप काढणे व पुनर्लेपन

नौकेच्या पाण्याखाली राहणाऱ्या भागास, म्हणजे तळास, संरक्षक लेप दोन निरनिराळ्या हेतूंनी देतात : तळाच्या द्रव्यात पाणी शिरू नये हा एक हेतू व तळावर सजीवांची वाढ होऊ नये हा दुसरा. पहिल्यास जलरोधक व दुसऱ्यास जीवरोधक लेप म्हणता येईल. हे दोन्ही हेतू सहसा एकाच लेपाने साधत नाहीत. काचतंतू व पॉलिएस्टर रेझीन यांची, ट्रेलरवरून ने-आण होणारी नौका (बोलीभाषेत ‘फायबर बोट’) दुरुस्तीस घेताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

समुद्राच्या पाण्यात लाकडी तळावर शैवले, बार्नॅकल व कालवे वाढतात आणि टेरेडो हा मृदुकाय प्राणी लाकूड पोखरतो. यावर उपाय म्हणून पश्चिम किनाऱ्यावर चुना व तेल यांचा लेप देत. भरतीच्या वेळी नौका किनाऱ्यावर घेऊन ओहोटीत तळ खरवडण्याची रीतही जुनीच आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळास तांब्याचा पत्रा ठोकला. तळ स्वच्छ राहिला, परंतु तांब्याच्या सान्निध्याने लोखंडी खिळे झिजून गेले. पुढे १८२४ च्या सुमारास सर हंफ्री डेव्ही यांनी तांब्याची झीज थांबविण्यासाठी त्यास लोखंड व जस्त यांचे तुकडे जोडून पाहिले. झीज थांबली, पण तळावर सजीव पुन्हा वाढू लागले. तांबे पाण्यात विरघळते म्हणूनच ते सजीवांना रोखते, ही गोष्ट या प्रयोगातून उघड झाली. आजचे क्युप्रस ऑक्साइडयुक्त लेप याच तत्त्वावर चालतात. बोर्डो मिश्रणातील मोरचूद पिकावरील बुरशी मारते, त्यातही तांब्याचाच गुण असतो. थोडक्यात, जीवरोधक लेप म्हणजे पाण्यात सावकाश सुटणारे विष होय. ट्रायब्युटिल टिन या कार्बनी कथिल संयुगाने ही गोष्ट कटू रीतीने शिकविली. फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरात त्यामुळे कालवांची पैदास बिघडली व १९८२ मध्ये तेथे लहान नौकांवर या संयुगाच्या वापरास बंदी आली. त्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये संमत होऊन २००८ मध्ये अंमलात आला.

खानदेशात परिस्थिती वेगळी आहे. सावदा (ता. रावेर, जि. जळगाव) या केळीबागांच्या परिसराच्या दक्षिणेस तापी वाहते. तिच्यावरील हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले असून त्याचा फुगवटा चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमापर्यंत पसरतो. अशा गोड्या पाण्यात समुद्री बार्नॅकल नसतात. तळावर धरते ते शेवाळ व बुळबुळीत थर. नौका ट्रेलरवर बाहेर काढली, की तो वाळतो व ब्रशाने निघतो. पूरप्रसंगी वापरण्याच्या नौका तर वर्षातील बहुतेक दिवस जमिनीवरच असतात. त्यांना तांब्याचा लेप देणे हा किनाऱ्यावरील प्रथेचा अनावश्यक अनुकरण-भाग होय. शिवाय कठीण प्रकारचे ताम्रलेप उघड्या हवेत राहिल्यास त्यांची क्रियाशीलता कमी होते. हतनूरचे पाणी पिण्यासाठी, सिंचनासाठी व दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी वापरले जाते, हेही विसरता येत नाही.

काचतंतू नौकेस गोड्या पाण्यात खरा धोका तर्षणाचा असतो. तळाचा बाह्य थर (जेलकोट) सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा असून तो पूर्णपणे जलाभेद्य नसतो. आत शिरलेले पाणी रेझीनमधील विद्राव्य घटक विरघळविते. तयार झालेला विद्राव आणखी पाणी ओढून घेतो व जेलकोटवर फोड येतात. फोड फोडल्यास आंबूस वासाचा द्रव निघतो. बाहेरील पाणी जितके क्षाररहित व उबदार, तितकी ही क्रिया जलद होते; म्हणून समुद्रापेक्षा जलाशयात ती अधिक दिसते. नौका अधूनमधून वाळत राहिल्यास तिचा वेग मंदावतो.

जुना लेप काढणे हे नवा देण्यापेक्षा जोखमीचे काम आहे. कोरडे घासल्यास विषारी धूळ उडते; ज्योत किंवा उष्ण हवा वापरल्यास विषारी वाफा निघतात व जेलकोटही बिघडतो. सामान्य रंगनाशक द्रव पॉलिएस्टरलाही मऊ करतात, म्हणून काचतंतूसाठीच बनविलेले द्रव वापरावे लागतात. कोपरे गोलावलेल्या पात्याने जाड थर खरवडून उरलेला पाणी लावलेल्या पॉलिश पेपरने घासणे ही सर्वांत सुरक्षित रीत होय. काम करणाऱ्याने श्वसनरक्षक मुखवटा, चष्मा व हातमोजे वापरावेत. काम जलाशयाच्या काठावर कधीही करू नये. खाली ताडपत्री अंथरून खरवड व धुवण गोळा करावे आणि घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावावी. ट्रेलरच्या आधारांखालील पट्टे राहून जातात. त्यांसाठी नौका भक्कम ओंडक्यांवर उचलून सरकवावी लागते. केवळ जॅकवर पेललेल्या नौकेखाली शिरणे जिवावर बेतू शकते.

फोड उघडून गोड्या पाण्याने वारंवार धुतात व तळ पूर्ण वाळू देतात. यास कित्येक आठवडे लागू शकतात, पण येथे घाई केल्यास पुढील सारे श्रम वाया जातात. खळगे एपॉक्सी लांबीने भरतात. घासण्यापूर्वी पृष्ठभाग विद्रावकाने पुसून मेण काढावे, अन्यथा ते ओरखड्यांत दाबले जाते. नंतर एपॉक्सीचे अनेक हात देऊन सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा जलरोधक थर तयार करतात. आधीचा हात किंचित चिकट असतानाच पुढचा दिल्यास दोन्ही चांगले जुळतात.

पावसाळ्यातील दमट हवा या कामास प्रतिकूल असते. खानदेशातील कडक उन्हाळाही सोयीचा नाही, कारण मिसळलेली एपॉक्सी भांड्यातच घट्ट होऊ लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यामानाने चांगला. सकाळचे दव मात्र पूर्ण उडू द्यावे. उन्हाने एपॉक्सीचा पृष्ठभाग भुकटतो, म्हणून तिच्यावर पॉलियुरेथेनचा हात देतात. सतत पाण्यात राहणाऱ्या तळास हा हात सहसा मानवत नाही, पण ट्रेलरवरील नौकेस चालतो. २५° से. तापमानास एपॉक्सी पूर्ण पक्व होण्यास सुमारे आठवडा लागतो. तोपर्यंत नौका पाण्यात सोडत नाहीत.