यती, ययाती आणि आपण : खांडेकरांच्या कादंबऱ्यांतील आत्मशोध

जबलपूरच्या महाराजपुरातल्या आमच्या घरात ‘ययाति’च्या दोन प्रती आहेत. एक मराठी, वडिलांनी नागपूरहून आणलेली; दुसरी हिंदी, पुढच्या पिढीसाठी घेतलेली. १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. पुढे राजधानी भोपाळला गेली, मुलांच्या शाळा हिंदी झाल्या आणि आमच्यासारख्या घरांत मराठी बोलण्यापुरती उरली. तरी ‘ययाति’चे लेखक वि. स. खांडेकर घरातून गेले नाहीत. मागच्या दिवाळीत पुतणीने हिंदी ‘ययाति’ वाचून संपवली आणि विचारले, “काका, यतीने सगळे सोडले, ययातीने सगळे भोगले, मग दोघेही दुःखी कसे?” खांडेकरांच्या साऱ्या कादंबऱ्या या एका प्रश्नाभोवती फिरतात, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत झाला. मूळ नाव गणेश आत्माराम. पुढे दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. पुण्यातले महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले आणि १९२० मध्ये ते कोकणातल्या शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले. तिथे त्यांनी अठरा वर्षे काढली. दारिद्र्य, कर्ज, रोगराई आणि तरीही न सुटणारा माणुसकीचा धागा त्यांनी तिथे जवळून पाहिला. १९३० चा मिठाचा सत्याग्रहही शिरोड्याला झाला. त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ आली.

१९३४ च्या ‘दोन ध्रुव’ आणि ‘उल्का’मध्ये मनाची घालमेल समाजातल्या विषमतेपासून वेगळी काढता येत नाही. भुकेल्या माणसाला आत्म्याच्या गोष्टी सांगणारा हा लेखक नव्हता. ‘क्रौंचवध’ (१९४२) या कादंबरीत रोख आत वळला. नायिका सुलूच्या वाट्याला विद्वान वडील आले, सुस्थितीतले घर आले. पण दुसऱ्याच्या दुःखाने मन कळवळणे म्हणजे काय, हे तिला ध्येयवेड्या दिलीपमुळे कळते. बुद्धी शाबूत असून भावना सुकली तर माणूस अपुरा राहतो, असे ही कादंबरी सांगते.

या साऱ्याचा कळस म्हणजे १९५९ ची ‘ययाति’. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठही. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. महाभारतातल्या आदिपर्वातली कथा खांडेकरांनी राजा ययाती, त्याची राणी देवयानी आणि तिची दासी झालेली शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली. एकच प्रसंग तिघांच्या निवेदनांतून कळत गेला की लक्षात येते, प्रत्येक जण आपल्या सोयीचे तेवढेच सत्य जपतो.

खांडेकरांचा ययाती जन्मतः लंपट नाही. त्याला मरणाची भीती आहे. जगज्जेता बाप नहुष मृत्युशय्येवर जगण्यासाठी तळमळताना त्याने पाहिला आहे. त्या भीतीपासून पळण्यासाठी तो स्त्रीच्या मिठीत शिरतो. वासनेच्या मुळाशी भय असते, हे इतक्या स्पष्टपणे मराठी कादंबरीत क्वचितच आले असेल. थोरला भाऊ यती रानात जाऊन देहाचा, स्त्रीचा तिरस्कार करतो. वरवर पाहता ही दोन टोके. पण एकाला बाई हवी म्हणून दिसत नाही आणि दुसऱ्याला नको म्हणून दिसत नाही. दोघांच्याही डोळ्यांपुढे फक्त स्वतःच आहे. पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

याच कादंबरीतला तपस्वी कच मात्र देवयानीवर प्रेम करूनही तिला सोडतो, आणि त्याचे मन कडवट होत नाही. त्याचा संयम म्हणजे कोरडेपणा नव्हे. शर्मिष्ठा तर तत्त्वज्ञान न सांगता ते जगते. दासीपण, वनवास, लपूनछपून वाढवलेले मूल, एवढे सोसूनही तिचे प्रेम आटत नाही. महाभारतातला ययाती मुलाचे तारुण्य घेऊन सहस्र वर्षे भोग घेतो. खांडेकर त्याला तेवढी मुदत देत नाहीत. तारुण्य देऊन वृद्ध झालेला मुलगा पुरू त्याच्यातल्या बापाला जागे करतो. तृप्तीच्या पोटी शहाणपण येते, हे त्यांना मान्य नव्हते. ते दुसऱ्याची वेदना पाहिल्यावर येते, असे त्यांना वाटत होते.

‘ययाति’ आली त्याच काळात जबलपुरात तत्त्वज्ञान शिकवणारे रजनीश वासना दडपल्याने ती मरत नाही, असे सांगत होते. १९६६ पर्यंत ते इथे प्राध्यापक होते. यतीच्या चित्रणात खांडेकरही हेच म्हणतात. पण त्यांची दृष्टी समाधीकडे जात नाही, शेजारच्या माणसाकडे जाते. १९६७ च्या ‘अमृतवेल’मध्ये प्रियकराच्या मृत्यूने खचलेली नंदा मैत्रिणीच्या दुभंगलेल्या संसारात पाऊल टाकते आणि दुसऱ्यांच्या जखमा समजून घेताना जगण्याकडे परतते.

खांडेकरांची भाषा अलंकारांनी जड होते, पात्रे सुभाषितांत बोलू लागतात, हा आक्षेप खरा आहे. आज वाचताना पुष्कळ पाने मलाही लांबलेली वाटतात. पण आत्मा देवळात किंवा गुहेत शोधण्याऐवजी त्यांनी तो माणसामाणसांतल्या नात्यात शोधला. आज बाजार रोज नवी भूक विकतो आहे, आणि तिला कंटाळलेल्यांना वैराग्यही विकत मिळते. म्हणून हा लेखक मला जुना वाटत नाही. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली होती, तरी लेखन थांबले नव्हते.

माझी एकच विनंती आहे. या दिवाळीत घरातल्या मुलांना ‘ययाति’ द्या. मराठी येत नसेल तर हिंदीतून द्या, आणि शर्मिष्ठेची निवेदने तरी मूळ मराठीतून त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या घरी ते वाचन सुरू झाले आहे.