पिकअप स्वस्त झाला, चपळाई नाही

रविवारी सकाळी पुण्यातल्या एका व्हील अलाइनमेंटच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. रॅम्पवर एक पांढरी पोलो जीटी चढवलेली होती. दहा वर्षं जुनी असेल, पण आतून-बाहेरून लख्ख. तिचा मालक पुढच्या टायरच्या कडा बोटाने चाचपत होता.

दुकानदार म्हणाला, "साहेब, ही विकू नका. आता अशी गाडी येणार नाही. सगळं बॅटरीवर चाललंय."

बाकावरच्या एका तरुणाने मोबाईलमधून डोकं वर काढलं. "काका, पण पिकअपला आमची बॅटरीवालीच भारी. सिग्नलला हिच्या पुढे निघते."

पोलोवाला शांतपणे म्हणाला, "सिग्नलला निघशील रे. कात्रज घाटात ये, मग बोलू."

तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, आणि थोडं थोडं चुकतही होतं. ज्या गाडीला जगभर 'हॉट हॅच' म्हणतात, म्हणजे रोज ऑफिसला नेता येणारी, मंडईत पार्क होणारी आणि तरीही वळणावर अंगात येणारी छोटी गाडी, तिच्याबद्दल सध्या अशीच अर्धवट विधानं ऐकू येतात. ती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : विजेच्या गाड्यांनी हॉट हॅच मारली.

वस्तुस्थिती : आपल्याकडचा हिशोब आधी बघू. पोलो चाकणला बनायची. २००९च्या अखेरीस सुरू झालेलं तिचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो बाहेर पडली. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं, तरी तिला गिऱ्हाईक मोजकंच मिळालं. टाटांनी २०१८ मध्ये कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जबरोबर टियागो जेटीपी काढली. एप्रिल २०२०ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि ती त्यापुढे गेली नाही. मारुतीची बलेनो आरएसही त्याच सुमारास बंद झाली. यांतल्या एकाही गाडीला बॅटरीने हात लावलेला नाही. गिऱ्हाईक उंच एसयूव्हीकडे वळलं, आणि मूठभर लोकांसाठी इंजिन नव्या नियमांत बसवणं कंपन्यांना परवडेना.

युरोपात चित्र थोडं वेगळं आहे. फोर्ड फिएस्टाचं उत्पादन जुलै २०२३ मध्ये संपलं, तिची एसटी ही हॉट हॅच आवृत्तीही तिच्याबरोबर गेली. कोलोनच्या त्याच कारखान्यात आता विजेची गाडी बनते, पण तीही एसयूव्हीच.

तिथला नियम मात्र नीट समजून घ्यायला हवा. कंपनीने विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढतात. ती ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली, तर जादा प्रत्येक ग्रॅममागे, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. पेट्रोलची गोल्फ जीटीआय ही हॉट हॅच किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या वर सोडते, मर्यादा शंभराच्या आत आहे. म्हणजे कंपनीला जीटीआय विकायची असेल, तर सरासरी खाली ओढायला तिच्या जोडीला विजेची गाडीही विकावी लागते. ज्या गाडीला शत्रू म्हणतात, तीच आज पेट्रोलवाल्या जीटीआयच्या वाटचा भार उचलते आहे.

गैरसमज २ : शून्य ते शंभर जितक्या कमी सेकंदांत, तितकी गाडी स्पोर्टी.

वस्तुस्थिती : ज्या गाडीमुळे हा प्रकार जगभर रुजला, ती पहिली गोल्फ जीटीआय १९७६ मध्ये विक्रीला आली. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११० हॉर्सपॉवर आणि वजन आठशे किलोंच्या आसपास. शंभरचा वेग गाठायला तिला नऊएक सेकंद लागत. कंपनीने पाच हजार गाड्या खपतील असं धरलं होतं, पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांवर खपल्या. आज एमजी-४ एक्सपॉवर ही विजेची हॅचबॅक ४३५ हॉर्सपॉवर घेऊन चार सेकंदांच्या आत शंभर गाठते. निव्वळ आकड्यांवर निकाल लावायचा तर जुनी जीटीआय भंगारात जायला हवी.

विजेच्या मोटारीला पहिल्या क्षणापासून पूर्ण ओढ मिळते. त्यामुळे सरळ रस्त्यावरचा पिकअप ही आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. अवघड आहे ते ही ओढ रस्त्यावर उतरवणं. छोट्या गाडीत पुढचीच चाकं ओढतात आणि पुढचीच वळतात. एकदम ताकद आली की स्टेअरिंग हातातून खेचलं जातं, आतलं चाक जागेवर फिरतं.

म्हणून जून २०२५ मध्ये दाखवलेल्या प्यूजो ई-२०८ जीटीआयमध्ये २८० हॉर्सपॉवरच्या जोडीला मर्यादित घसरणीचा यांत्रिक डिफरन्शियल दिला आहे, म्हणजे घसरणाऱ्या चाकाकडची ओढ पकड असलेल्या चाकाकडे जाते. आल्पीन ए-२९० ज्या विजेच्या रेनो-५ वर बेतली आहे, तिची दोन चाकांमधली रुंदी आल्पीनने ६० मिलिमीटरने वाढवली आणि ताकद २२० हॉर्सपॉवरच्या आसपासच ठेवली. जास्त देता आली नसती असं नाही, पण जेवढी पचेल तेवढीच वाढली.

गैरसमज ३ : बॅटरीची गाडी जड, म्हणजे ती चपळ असूच शकत नाही.

वस्तुस्थिती : अर्धं खरं आहे. नवी ई-२०८ जीटीआय १५९६ किलोंची आहे, दशकभरापूर्वीच्या पेट्रोल २०८ जीटीआयपेक्षा जवळपास चारशे किलोंनी जास्त. पाच दणकट माणसं कायमची आत बसवल्यासारखंच ते.

पण पेट्रोलची गाडीही कुठे बारीक राहिली आहे? आजची गोल्फ जीटीआय साडेचौदाशे किलोंच्या घरात आहे. एअरबॅग, मजबूत सांगाडा, जाड काचा, मोठी चाकं यांनी पन्नास वर्षांत तिचं वजन पाऊणपट वाढवलं. विजेवरची आल्पीन ए-२९० भरते १४७९ किलो. दोघींत फारसा फरक नाही, आणि आल्पीन लांबीला चार मीटरच्या आत आहे.

बॅटरी तळाशी पसरलेली असते, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. म्हणून पहिल्यांदा चालवणाऱ्याला ती हलकी वाटते. पण कलणं कमी झालं म्हणून वजन नाहीसं होत नाही. ब्रेक मारताना, दिशा पटकन बदलताना ते सगळं टायरवरच येतं. म्हणून विचारायचं ते "बॅटरी आहे का?" असं नव्हे, तर "बॅटरी केवढी आहे?" पाचशे किलोमीटरची रेंज हवी, असा हट्ट धरणारा माणूस नकळत जड गाडी मागत असतो.

गैरसमज ४ : आवाज नाही, गिअर नाही, म्हणजे मजा नाही.

वस्तुस्थिती : इंजिनाचा आवाज निव्वळ करमणूक नसतो. वेग किती, इंजिन किती ताणलंय, गिअर कधी बदलायचा हे सरावलेला कान मीटरकडे न बघता ओळखतो. विजेच्या गाडीत ही खबर तुटते, म्हणून जुन्या चालकाला चुकल्यासारखं होतं. ही तक्रार खरी आहे.

त्यावर दोन उत्तरं शोधली गेली. अबार्थ ५००ई ने बाहेर स्पीकर लावून एक्झॉस्टसारखा आवाज दिला. ह्युंदाईने आयोनिक-५ एन मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. आठ गिअरांचा भास होतो, गिअर बदलताना झटका बसतो, चुकीच्या गिअरमध्ये राहिलात तर ओढ अडते. खोटं आहे, पण कान आणि पाय यांच्यातला संवाद त्यातून पुन्हा सुरू होतो. मात्र ही गाडी सुमारे २२०० किलोंची, छोटी नव्हेच. तिने फक्त वाट दाखवली. ज्यांना हा खेळ नको, त्यांना तो बंद करता येतो.

गैरसमज ५ : घाटात ताणली की बॅटरी संपलीच.

वस्तुस्थिती : कागद-पेन्सिल घेऊन बसू. खोपोलीपासून लोणावळा सुमारे साडेपाचशे मीटर उंच. गाडी आणि माणसं मिळून १६०० किलो धरा. एवढं वजन तेवढ्या उंचीवर न्यायला लागणारी ऊर्जा होते जवळपास २.४ युनिट, म्हणजे घरच्या वीजबिलातली साधी अडीच युनिटं. चाकांचं घर्षण, हवेचा विरोध आणि तुमची घाई यांचा खर्च वेगळा. पण आल्पीनची बॅटरी ५२ युनिटांची आहे. घाट चढणं तिच्यासाठी मोठं संकट नाही. शिवाय उतरताना मोटर उलट जनित्रासारखी चालते आणि खर्चातला बराच भाग परत भरते. पेट्रोलची गाडी घाट उतरताना टाकीत थेंबही परत घालत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावून शंभर टक्के भरलेली गाडी घेऊन तुम्ही पसरणी घाट उतरायला लागलात, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. तेव्हा सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर पडतो. वर राहताना बॅटरी थोडी रिकामी ठेवावी. दुसरी गोष्ट रेस ट्रॅकची. तिथे फेरीमागून फेरी पूर्ण दाबून चालवलं की बॅटरी तापते आणि गाडी स्वतःची ताकद कमी करते. म्हणून आयोनिक-५ एन मध्ये ट्रॅकवर उतरण्याआधी बॅटरी योग्य तापमानाला आणण्याची सोय आहे. घाट आणि ट्रॅक या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

गैरसमज ६ : २०३५ नंतर पेट्रोलच्या अशा गाड्या चालवताच येणार नाहीत.

वस्तुस्थिती : हा नियम युरोपीय संघाचा आहे आणि तो नव्या गाड्यांच्या विक्रीसाठी आहे, रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांसाठी नाही. २०२३ मध्ये ठरल्याप्रमाणे नव्या गाड्यांचं उत्सर्जन २०३५ पासून शंभर टक्के कमी व्हायला हवं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ते नव्वद टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच प्रस्तावांत ४.२ मीटरपर्यंतच्या, युरोपात बनलेल्या छोट्या विजेच्या गाड्यांना झुकतं माप देण्याची कल्पना आहे. छोट्या गाडीसाठी ही त्यातली जास्त कामाची बातमी.

आणि पेट्रोल अजून संपलेलं नाही. टोयोटाने २०२० मध्ये रॅलीच्या नियमांसाठी म्हणून जीआर यारिस काढली. तीन सिलिंडरच्या १.६ लिटर इंजिनातून सुरुवातीला अडीचशेवर हॉर्सपॉवर आणि २०२४ मध्ये २८०. अशा गाड्या पुढेही निघतील, पण थोड्या आणि महाग.

गैरसमज ७ : विजेवर आल्या की आपल्याकडे स्पोर्टी छोट्या गाड्या आपोआप स्वस्त होतील.

वस्तुस्थिती : भारतात गाडीचं माप करावर ठरतं. चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन, ही रेघ २००६च्या अर्थसंकल्पात आखली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीतल्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, चौकटीबाहेर ४० टक्के. म्हणून आपल्या छोट्या स्पोर्टी गाड्या, मग ती आय-२० एन लाइन असो की अल्ट्रोज रेसर, लहान टर्बो इंजिनातून १२० हॉर्सपॉवरपाशी थांबल्या. मोठ्या इंजिनाची गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये पूर्ण तयार होऊन आयात झाली, तेव्हा तिची शोरूम किंमत ५३ लाखांच्या आसपास गेली.

विजेच्या गाडीला जीएसटी पाच टक्के, लांबी किंवा ताकदीची अट नाही. ताकदीवरचं कुलूप उघडलं, हे खरं. पण लहान राहण्याचं कारणही त्याबरोबर गेलं. जिथे पोलो बनायची त्याच चाकणमध्ये आता महिंद्राची बीई-६ बनते. २८६ हॉर्सपॉवरपर्यंत ताकद, आणि लांबी ४.३७ मीटर. जोर आहे, रुबाब आहे, पण ती छोटी गाडी नाही. बॅटरीचा खर्च भरून काढायला कंपनीला मोठी, महाग गाडी विकणं सोयीचं पडतं. वीज आल्यामुळे हॉट हॅचमधलं 'हॉट' सोपं झालं. धोक्यात आहे ती 'हॅच'.

नवी गाडी बघायला जाल तेव्हा एवढंच करा. शोरूमवाला सरळ रस्त्यावर नेऊन ॲक्सिलरेटर दाबायला सांगेल, तो दाबा आणि विसरून जा. मग विचारा, वजन किती? टायरचा साइझ काय, आणि एका टायरची किंमत काय? जमलं तर एखाद्या उतारावरचं वळण घ्या, ब्रेक लावत लावत. चढावर ताकद बाकीचं झाकते. उतारावर ताकदीचं काही काम नसतं, तिथे उरतात फक्त वजन, ब्रेक, टायर आणि स्टेअरिंग.

अलाइनमेंट झाल्यावर पोलो रॅम्पवरून उतरली. तो तरुण उठून तिच्याभोवती एक चक्कर मारून आला, खाली वाकून टायर बघितला आणि मालकाला म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी येतो. कात्रजला."

"ये," पोलोवाला म्हणाला. "चढताना तूच पुढे राहा. उतरताना बघू."