आधी रेषा, मग पडदा

ब्रिटनमधल्या संगणक-कलेचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येतो तो पडदा, कीबोर्ड आणि 1980 नंतरचं ग्राफिक्स. प्रत्यक्षात तिथल्या सुरुवातीच्या चित्रांना पडदा लागला नाही आणि प्रोग्रामही नाही.

मँचेस्टर विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डेस्मंड पॉल हेन्री यांनी 1950च्या दशकात लष्कराच्या जुन्या सामानातून बॉम्बफेकीचा नेम साधणारा संगणक विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब नेमका कधी सोडायचा, याचं गणित अशी यंत्रं करत, तेही दंतचक्रांच्या फिरण्यातून. हेन्री त्या हालचालींवर इतके लुब्ध झाले की 1960च्या सुमारास त्यांनी यंत्रालाच पेन जोडलं. कागदावर उमटली वळणदार, एकमेकींत गुंतलेल्या रेषांची जाळी. यंत्राला स्मृती नव्हती. एकदा निघालेलं चित्र जसंच्या तसं पुन्हा निघत नसे.

मग माणसाला काम काय उरलं? भरपूर. यंत्र चालू असताना हेन्री मध्येच एखादा स्क्रू सैल करत, रेषेला वेगळं वळण देत. काही चित्रांवर शेवटचा हात स्वतः फिरवत. ‘सगळं यंत्रानंच केलं’ हा समज मला म्हणूनच अन्यायाचा वाटतो.

1968 मध्ये लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत यासिया रायखार्ट यांनी ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ हे गाजलेलं प्रदर्शन भरवलं. सगळं तिथूनच सुरू झालं, असं सर्रास म्हटलं जातं. पण हेन्रींची यंत्रचित्रं लंडनच्या रीड गॅलरीत 1962 मध्येच लागली होती.

शिवाय ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’मध्ये नुसती चित्रं नव्हती. एडवर्ड इह्नातोविच यांचं ‘सॅम’ हे शिल्प आवाजाच्या दिशेनं मान वळवायचं, हळू आवाजाला प्रतिसाद द्यायचं. पुढे त्यांनी घडवलेलं अजस्र ‘सेन्स्टर’ 1970 मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला उभं राहिलं. त्याला मात्र खरोखरच डिजिटल संगणक चालवत होता. हळू आवाजाकडे ते झुकायचं आणि गोंगाट झाला की मागे सरायचं. मला त्या काळातलं सर्वांत मोलाचं काम हेच वाटतं, कारण इथे कला वागण्यात होती.

ही मंडळी यंत्राची भक्त होती, हाही गैरसमजच. ब्रिटनमधल्या संगणक-कलावंतांच्या कॉम्प्युटर आर्ट्स सोसायटीनं 1969 मध्ये ‘पेज’ हे वार्तापत्र सुरू केलं, तेव्हा संपादकपदी गुस्टाफ मेत्झगर होते. नाझी जर्मनीतून निर्वासित म्हणून आलेले हे कलावंत अण्वस्त्रांचे कट्टर विरोधक होते आणि संगणकाच्या लष्करी वापराचा प्रश्न त्यांनी याच पत्रातून लावून धरला.