रस्ता नेमका किती रुंद?

रस्त्याच्या लांबीवरून सहसा वाद होत नाहीत. रुंदी विचारा, की उत्तरे वेगवेगळी येऊ लागतात. विकास आराखड्यातला बारा मीटरचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंच्या हद्दींमधले अंतर. त्यात पदपथ आला, गटार आले, विजेचे खांबही आले. वाहनांच्या वाट्याला मधले डांबर. त्यातूनही उभ्या मोटारी आणि हातगाड्या वजा केल्या, की बाराचे पाच कधी झाले ते कळतही नाही!

छापील नकाशात हे झाकून जाई. हमरस्त्याला जाड रेघ, गल्लीला बारीक. रेघेवरून रस्त्याचा दर्जा कळे, माप कळत नसे. संगणकावरच्या नकाशात मात्र आकडाच नोंदवता येतो. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप'मध्ये रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याची रुंदी आणि मार्गिकांची संख्या वेगवेगळी लिहिता येते. मार्गिका मोजायच्या त्या दोन्ही दिशांच्या मिळून. सायकलची वाट आणि गाड्या उभ्या करण्याची पट्टी त्यात धरायची नाही.

नियम सोपा आहे; पण आपल्या बहुतेक गल्ल्यांत पट्टेच आखलेले नसतात. मग मोजायचे काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार एकपदरी रस्ता ३.७५ मीटरचा, तर कडेला उंच दगड नसलेला दुपदरी रस्ता ७ मीटरचा. या दोहोंच्या मध्ये साडेपाच मीटरचा एक वर्ग आहे. त्याला 'दोन मार्गिका' म्हटले, तर समोरासमोरच्या दोन बस सहज जातील असा समज होतो. बसची कायदेशीर कमाल रुंदी २.६ मीटर. दोन बस शेजारी आल्या, की उरतात जेमतेम तीस सेंटिमीटर! आणि 'एक' लिहावे, तर दोन रिक्षा तिथून रोज आरामात जातात. अशा ठिकाणी मार्गिकांचा अंदाज बांधण्यापेक्षा मीटर लिहिणे अधिक प्रामाणिक. मात्र ते कुठून कुठवर मोजले, हेही ठरलेले हवे.

सरासरीनेही भागत नाही. दोनशे मीटरची गल्ली मोकळी असली आणि देवळापाशी अडीच मीटरवर आवळली, तर आगीच्या बंबापुरती ती सगळीच गल्ली अडीच मीटरची. म्हणून नकाशात तो तुकडा वेगळा तोडून त्याचे माप वेगळे लिहावे लागते. ते लिहिले नसेल, तर बंब देवळापाशी अडल्यावरच ते सगळ्यांना कळते.