कडेवर कोण घेणार?

कसालच्या तिठ्यावरून मालवणकडे वळताना अंगणवाडीतली चिमणी मुले दिसली, की माझ्या मनात एक प्रश्न येतो: आग लागली, तर अजून पाऊल न टाकणाऱ्या मुलाला बाहेर कोण काढील? सेविका एक, मदतनीस एक! १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेतील आगीत ९४ मुले दगावली. ती तर धावत्या वयाची होती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने आपत्तीत समान संरक्षण दिले खरे. पण कायदा काही मुलाला कडेवर घेत नाही!

तेव्हा, आईबापहो, आजच ठरवून घ्या. ते मूल दाराजवळ बसावे. मदतनिसाने त्याला उचलावे, सेविकेने बाकीच्यांना दोरी धरून न्यावे. आणि तालीम त्याला घेऊनच व्हावी. त्याला कोपऱ्यात ठेवून केलेली तालीम कसली?