जठराच्या गाठीत कोणते प्रथिन?

जठराचा कर्करोग पसरलेला असेल, तर औषध ठरवण्याआधी बायोप्सीच्या तुकड्यांत काही प्रथिने शोधतात.

त्यांतले जुनेजाणते 'हर-टू'. साधारण पाचातल्या एका रुग्णात ते वाढलेले सापडते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टोगा' चाचणीत केमोथेरपीला ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूविरोधी औषधाची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेले. फरक तीन महिन्यांहूनही कमी. पण या कर्करोगात प्रथिन पाहून औषध निवडण्याची वाट तिथूनच खुली झाली. हर-टूच्या तपासणीत प्रथिनाची श्रेणी ३+ आली तर ते वाढलेले आहे, हे स्पष्ट असते. २+ आली तर जनुकाच्या प्रती मोजणारी 'फिश' तपासणी करावी लागते. मात्र एकाच गाठीत हर-टू कुठे असते, कुठे नसते. म्हणून सहा ते आठ तुकडे घेणे बरे. एखाद्या तुकड्यावरच्या 'निगेटिव्ह'वर विसंबू नये.

क्लॉडिन १८.२ ची गोष्ट अधिक रंजक. निरोगी जठरात ते पेशींच्या सांध्यांत दडलेले असते. कर्करोगात पेशींची मांडणी विस्कटते आणि ते उघडे पडते. त्यावरचे औषध झोल्बेटुक्सिमॅब २०२४ मध्ये आधी जपानने, मग अमेरिकेने मंजूर केले. मळमळ आणि उलट्या हा त्याचा ठळक त्रास.

उरलेल्या दोन, म्हणजे पीडी-एल१ आणि (डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या) एमएमआर प्रथिनांच्या तपासण्या इम्युनोथेरपीचा उपयोग कितपत होईल, हे सुचवतात.

बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला की या चारही तपासण्या झाल्या आहेत का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.